टाचा न टेकवणाऱ्या मुली

आई, सगळ्यात आधी वर आले ते जावईबापू. खांद्यावर चार वर्षांचा नातू, हातात केळ्यांची पिशवी, आणि दारातूनच मला म्हणतात, "आई, आधी चहा टाका, गाडी चालवून पाय आखडले." शारजाहून यायचं म्हणजे वेळ लागतोच. त्यांची नोकरी हमरियाच्या कारखान्यात, म्हणून ती मंडळी तिकडे आणि मी इकडे अबुधाबीच्या अंगाला, मोहम्मद बिन झायद सिटीत, मुलाकडे. मागून लेक आली. जाड झालीय, पण ते राहू दे. आणि सगळ्यात शेवटी, तिच्या ओढणीआडून, सात वर्षांची नात. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चपला काढल्या आणि मुद्दाम टाचा आपटत, धप धप करत, सोफ्यावर जाऊन बसली. दिवाळीनंतर पहिल्यांदा या घरात पाय ठेवत होती, तोही माझ्यासाठी नव्हे. इथल्या मोठ्या थिएटरात नाताळच्या सुट्टीचा बॅले नाच होता, त्यासाठी.

तुझ्यापासून काय लपवायचं? दिवाळीत ही पोर स्वयंपाकघरात चवड्यांवर चालत होती. मी पोळ्या लाटत होते. "टाच टेकव," म्हटलं. एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा हातातलं लाटणं तिच्या टाचेवर टेकवलं. मारलं नाही गं, टेकवलं. तिनं रडून घर डोक्यावर घेतलं. "आजी इज मीन! आय अ‍ॅम नॉट कमिंग हिअर!" मला इंग्रजी येत नाही, तू चौथीतूनच काढलंस, पण तेवढं मला कळलं. त्यानंतर ती फोनवरही आली नाही. लेक म्हणायची, "आई, थोडे दिवस जाऊ देत." दिवस जात होते आणि मला घास गोड लागत नव्हता.

आणि लाटणं कुठलं, तर तुझंच. लग्नात दिलेलं, शिसवी. पोळपाट कधीच फुटला, पण हे माझ्याबरोबर विमानात बसून इथवर आलं. मी आठ वर्षांची आहे, तू स्वयंपाकघर नुकतं सारवलंयस, ओल्या जमिनीत पाऊल उमटू नये म्हणून मी चवड्यांवर चालतेय. तू चुलीपुढून हात लांब करतेस आणि टाचेवर टक्कन लाटणं. "टाच टेकव. उद्या बघायला येतील, चालून दाखव म्हणतील. लंगडी ठरवली म्हणजे?" जमीन वाळली तरी माझी सवय गेली नाही, आणि तुझं लाटणंही थांबलं नाही. शेवटी पाहुणे आले तेव्हा मी इतकी टाचा आपटत चालले की मांडणीवरच्या वाट्या वाजल्या. सासरे म्हणाले, "पोरगी दणकट आहे, पसंत." तू दाराआडून पदरात तोंड घालून हसलीस. आठवतं ना?

तर नाच. लेकीनं जावयांना आधीच दम दिला होता की तिकिटाच्या दिरामांचे रुपये करून आईला सांगायचे नाहीत. मी नऊवारी नेसावं का विचारलं तर म्हणाली, नेस की, तुला कोण अडवतंय. नेसले. बाहेर ऊन, लोक अर्ध्या बाह्यांत, आणि आत एसी असा की मी शाल डोक्यावरून घेतली. नात माझ्यापासून लांब बसायला बघत होती, पण पुढच्या माणसाचं डोकं मोठं निघालं आणि तिला माझ्या शेजारीच यावं लागलं. त्या माणसाचं देव भलं करो. दिवे गेले. "यल्ला!" नातू ओरडला, इथल्या अरबीत 'चला', सगळे हसले. पडदा वर गेला आणि आई, वरून बर्फ पडायला लागला. कागदाचाच असणार, पण या वाळूच्या मुलखात मी शहारले. पुरुष आले ते अंगाला चिकटलेल्या विजारी घालून, मी आधी मान खाली घातली, मग हळूच वर केली. कुणी बोलेचना. मी लेकीला विचारलं, "मुके आहेत का गं सगळे?" ती म्हणाली, "आई, ह्यात बोलत नाहीत. बघायचं."

बघितलं. एक मुलगी आली, शेवरीच्या कापसासारखी. ती टाचच टेकवेना. मी वाट बघतेय, आता टेकवेल, मग टेकवेल. चवड्यावरसुद्धा नव्हती गं ती, अंगठ्याच्या टोकावर होती. पायात घुंगरू नाहीत. बाजा थांबला की लाकडावर बोटांचा टक टक आवाज तेवढा यायचा. मग ती एका पायावर उभी राहिली आणि एक हात वर नेला, आणखी वर, जसं काही फळीवरून काढायचंय. तू गुळाचा डबा असाच काढायचीस. ठेंगणी होतीस, फळी उंच, आम्हा पोरांचा हात पोचू नये म्हणून. चवड्यांवर उभी, पाठ ताठ, डोक्यावरचा पदर मागे गेलेला. मी इतक्या वेळा बघितलं आणि मला कधी दिसलंच नाही. आई, तुझ्या टाचेवर कुणी लाटणं मारलं होतं गं?

तेवढ्यात नात कानाशी आली. दोन महिन्यांनी पहिला शब्द. "आजी, हिला कुणी लाटण्यानं मारत नाही?"

मी मानेनंच नाही म्हटलं. तिनं माझ्याकडे नीट बघितलं, आणि माझ्या शालीचं एक टोक स्वतःच्या पायांवर ओढून घेतलं.

शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी दोन्ही हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली, एवढ्या लोकांची नजर लागणार त्या मुलीला. पलीकडच्या गोऱ्या बाईला वाटलं माझं डोकं दुखतंय. तिनं पर्समधून गोळी काढून दिली. मीही घेतली, नाही कशाला म्हणू? नात हसून हसून खुर्चीवरून घसरली.

मंडळी मुक्कामाला राहिली. सकाळी मी कणीक भिजवत होते तर नात दाराशी, टाचा घट्ट रोवून. म्हटलं, "चाल ना तुझं तसं, बघू दे मला." म्हणाली, "यू विल हिट." मी लाटणं धुतलं, पुसलं, तिच्या हातात दिलं. "हे तू घेऊन जा. तुझ्याकडेच ठेव." "फॉरेव्हर?" "तुझी मर्जी." तिनं विचार केला. लाटणं बॅगेत बाहुलीशेजारी ठेवून आली. मग फ्रिजपासून दारापर्यंत चवड्यांवर गेली, तिथे गरकन वळली, आणि परत आली. मी ओट्याला धरून उभी होते.

आता पोळ्या काचेच्या बाटलीनं लाटतेय, आकार कुठल्या कुठे जातो. मुलगा म्हणतो, "नवं आणू का?" मी नको म्हणते. हे पत्र कुठे टाकणार, पिठाच्या डब्याखाली ठेवीन. एक तेवढं सांगते, जे लेकीलाही सांगितलं नाही. दिवाळीला मी टेकवलं नव्हतं, मारलं होतं. आणि मारताना मला क्षणभर बरं वाटलं होतं, की माझ्या हातात तुझा हात आला.

त्या दिवशी निघताना लिफ्टचं दार लागता लागता नात ओरडली, "आजी, हाऊ विल यू मेक पोळी?" मग स्वतःच म्हणाली, लाटणं घेऊन येते. त्यांच्या शारजात शुक्रवारपासूनच सुट्टी असते. शुक्रवारी येतो म्हणालेत, दुपारच्या जेवणाला.