वॉटरचं दुसरं कार्ड

गुरुजी, तुमचे डोळे शेवटपर्यंत धड होते, हे मला परवा पारशिवनीला तुमच्या घरी गेले तेव्हा कळलं. इतकी वर्षं मी समजत होते की गुरुजींना दिसत नाही अशी हाकाटी गावभर माझ्यामुळे झाली. आणि ती झाली होतीच.

आठवीच्या वर्गात तुमच्या टेबलावर बिस्किटांचे चार पत्र्याचे डबे असायचे. एकात नामं, एकात क्रियापदं, एकात विशेषणं, चौथ्यात उरलंसुरलं. इंग्रजीचा एकेक शब्द जाड कार्डावर तुमच्या सुबक अक्षरात लिहिलेला, आणि ज्याचा त्याचा डबा ठरलेला. शनिवारी सकाळची शाळा सुटली की कार्डं जागच्या जागी लावायचं काम माझं. 'वॉटर' नामांच्या डब्यात जायचं. पण आमच्या धड्यातला माळी तर रोज झाडांना 'वॉटर' करत होता! मी एकदा भीत भीत विचारलं, तर तुम्ही खेकसलात, "एका शब्दाले किती घरं पाहिजे वं तुले?" सगळा वर्ग हसला. मी आधीच तापट. घरी जाऊन ताईच्या लग्नाची उरलेली पत्रिका घेतली, तिचा तुकडा कापला, कोऱ्या बाजूवर तुमच्या वळणानं 'वॉटर' लिहिलं आणि पुढच्या शनिवारी क्रियापदांच्या डब्यात टाकून मोकळी झाले.

नेमके सोमवारीच साहेब शाळा तपासायला आले. तुम्ही मोठ्या कौतुकानं डबे दाखवता आहात, साहेब एकेक कार्ड उचलून बघताहेत, आणि त्यांच्या एका हातात नामांतलं 'वॉटर' तर दुसऱ्या हातात क्रियापदांतलं. ते सगळ्यांदेखत म्हणाले की गुरुजी, तुमची पद्धत तुम्हालाच सांभाळता येत नाही, तर पोरांनी काय शिकायचं. तुम्ही माझं कार्ड घेतलंत, उलटसुलट करून पाहिलंत, चष्मा पुसलात. वर्गाकडे एकदाही न बघता म्हणालात, "माह्याच हातून झालं असंल साहेब. आजकाल बरोबर दिसून नाही राहिलं." मी मान खाली घातली ती सुट्टीपर्यंत वर केली नाही.

त्यानंतर डबे वर्गात आले नाहीत. पुढच्या वर्षी तुम्ही निवृत्त झालात. निरोपाच्या दिवशी सगळ्या मुली पाया पडल्या, मी पोट दुखतं सांगून घरी राहिले. मी नागपूरला कॉलेजात असताना तुम्ही गेल्याचं कळलं आणि सांगायचं राहिलं ते राहिलंच. आता नागपुरातच सदर भागातल्या एका शाळेत मीच इंग्रजी शिकवते. नाम-क्रियापदांचा हाच भाग शिकवायची वेळ आली की दरवर्षी आधी पाणी पिते, मग सुरू करते.

परवा तुमच्या सूनबाईंचा फोन आला. घर रंगवायला काढलंय, बाबांचे डबे टाकवत नाहीत, तुम्ही इंग्रजीच्या बाई, घेऊन जा म्हणाल्या. मी गेले. चहा पिता पिता तुमच्या डोळ्यांचं विचारलं, तर त्या बघतच राहिल्या. "बाबांच्या डोळ्याले काय झालं होतं? चष्म्याचा नंबरबी कधी बदलला नाही ताई. दुपारभर बसून कार्डं लिहीत. म्हणत, डबे कमी पडून राहिले." मी क्रियापदांचा डबा उघडला. हँड, फेस, बुक, मिल्क, सगळी तुमच्या अक्षरातली, आणि हीच सगळी नामांच्या डब्यातही. तळाशी माझं कार्ड होतं. ते उलटं केलं, तर मागं पत्रिकेवर छापलेलं आमच्या बाबांचं नाव आणि खाली गावाचं! कापताना मी ते पाहिलंच नव्हतं. त्याच्या शेजारी लाल शाईत बरोबरची खूण, वहीत करायचात तशी.

म्हणजे साहेबांसमोर कार्ड उलटं केलंत तेव्हाच तुम्हाला कळलं होतं. गुरुजी, मी तिथंच खाली फरशीवर बसले आणि रडता रडता हसू लागले. किती वर्षांनी एवढं हलकं वाटलं म्हणून सांगू.

आज डबे वर्गात नेले. मुलींना सगळी गोष्ट सांगितली, साहेबांची, चष्म्याची, लाल खुणेचीसुद्धा. एकीनं विचारलं, बाई, ते कार्ड कोणी टाकलं होतं? मी म्हणाले, आमच्या वर्गात होती एक मुलगी.