कप्प्याची कड

निरवांगी

प्रिय प्राची,

परवा तू फोन करून विचारलंस, की बारामतीच्या खोलीत पुस्तकांसाठी स्वतःच मांडणी करतेय, तर प्लायच्या उघड्या कडांना सागवानी पट्टी कशी बसवायची. मी म्हणालो, पत्रानं कळवतो. तू हसलीस. पण जे सांगायचंय ते फोनवर मला जमलं नसतं, म्हणून आज दुकान बंद ठेवून लिहायला बसलोय.

आधी कामाचं. पट्टी प्लायच्या जाडीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद घे, म्हणजे दोन्ही अंगांनी थोडी बाहेर राहील. कडेला फेविकॉल लाव, पट्टी दाबून बसव आणि चार-चार बोटांवर कागदी चिकटपट्टी ताणून लाव. खिळे मारू नकोस, बारीक पट्टी चिरते. दुसऱ्या दिवशी बाहेर राहिलेलं लाकूड लहान रंध्यानं काढायचं. त्याआधी कडेलगत प्लायवर पेन्सिलीच्या रेघोट्या ओढ. त्या पुसट व्हायला लागल्या की थांब, नाहीतर वरचा पातळ थर सोलून निघेल. रंधा डाव्या हातानं ढकल, उजवा नुसता टेकव. तुझं उजवं मधलं बोट वळत नाही, जोर दिलास तर पकड सुटेल.

हे वाक्य लिहिलं आणि पेन खाली ठेवून बाहेर जाऊन आलो.

तू तिसरीत होतीस तेव्हा मी तुला अभ्यासाचं टेबल केलं होतं. इंदापूरच्या एका बंगल्याचं काम अंगावर होतं, दिवाळीच्या आत द्यायचं होतं. तुझं टेबल मी मधल्या मधल्या वेळात उरकलं. वरच्या फळीला चारी बाजूंनी सागवान लावलं. खालच्या वह्यांच्या कप्प्याची कड मात्र तशीच सोडली. तिथं कोण बघतंय, असं मनात म्हणालो. कोणी बघणार नव्हतंच, पण तू रोज तिथं हात घालणार होतीस.

पुढचं तुला अर्धवट आठवत असेल. बोट सुजलं, तुझ्या आईनं हळद लावली, ताप चढला, आणि पाचव्या दिवशी बारामतीला दवाखान्यात बोट उघडावं लागलं. कधी टोचलं ते तुला सांगता येईना. तुझी आई रडत म्हणाली, "माझ्यासंगं वैरणीला आली हुती. बांधावरच्या बाभळीचा काटा आसंल." तेवढंच धरून ठेवलं सगळ्यांनी. तुझ्या वडिलांच्या आई, प्रयागआजी, तर दवाखान्याच्या दारातच बोलल्या, "शाळकरी पोरीला रानात न्यायची काय गरज हुती?"

डॉक्टरांनी काढलेलं कुसळ मी पाहिलं, प्राची. बाभळीचा काटा गोल असतो. ते चपटं होतं, नखाएवढं, तांबूस. मी रोज हातानं असली कुसळं झटकतो. तुझे कपडे आणायच्या निमित्तानं मी वडगावला तुमच्या घरी गेलो आणि कप्प्यात हात घातला. कडेचा एक थर तुटून उभा राहिला होता. पाय हलतोय असं सांगून टेबल टेम्पोत घातलं, दुकानात नेलं आणि कप्प्याला सागवानी पट्टी मारून परत आणून ठेवलं. तू घरी आलीस तेव्हा तुझे वडील म्हणाले, "मामाची माया बघा." मी चहा पिऊन निघालो.

त्यानंतर मी कुठल्याच कामात एकही कड उघडी सोडली नाही, आतली नाही, मागचीही नाही. लोक कौतुक करतात. मला ते ऐकवत नाही.

मागच्या महिन्यात काटेवाडीचे पाहुणे तुला बघायला आले, तेव्हा मीही बैठकीत होतो. तुझ्या बोटाकडं त्यांच्या बाईंची नजर गेली. आजी लगेच बोलल्या, "आईच्या हलगर्जीपणानं झालं ते." चहाचा ट्रे तसाच घेऊन तुझी आई आत वळली. माझी धाकटी बहीण आहे ती. चौदा वर्षं ती हे ऐकतेय आणि मी शेजारी बसून पोहे खातोय.

या सोमवारी मी जाऊन तिला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, त्या बांधावरनं मी चौदा वरसं गेले न्हाय. लांबनं वळसा घालून जाते." मी पाय धरायला वाकलो तर तिनं पाय मागं घेतले.

उठताना तिनं एकच सांगितलं, "प्राचीला तूच सांग. मी न्हाय सांगणार." म्हणून हे पत्र. माफी मागायला तोंड नाही, मागतही नाही. येत्या रविवारी मी वडगावला येतोय. आजींसमोर आणि तुझ्या वडिलांसमोर बोलणार आहे, नंतर काटेवाडीलाही जाऊन येईन. तू यावंस असं वाटतं. आलीस तर माझ्याकडं बघायचं की नाही ते तुझं तू ठरव. फक्त मी बोलत असेन तेव्हा आईच्या शेजारी बस.

तुझाच,
कुंडलिकमामा