पतीचं नाव सांगा

सोम. १३ जाने. लातूर
बोलून भरायचा फॉर्म झाला एकदाचा. डोळ्यांच्या शिबिराची नोंदणी. टाईप करायचं नाही, मशीन विचारणार, माणूस बोलणार. लिहिता न येणाऱ्यांची सोय. मी स्वतःवरच खूश. नवरा म्हणाला, "आधी चालू दे तर."

बुध. १५ जाने. निलंगा
पुरुषांचं सुरळीत. बायांचं गाडं एकाच प्रश्नावर अडतंय. 'पतीचं नाव सांगा.' गप्प. मशीन परत विचारतं, परत गप्प. माईक बिघडला समजून मी तीनदा वायर काढून घातली. येडी!
शेवटी देवणीकडच्या गंगूबाई पुढे आल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पदर सावरला आणि माईकला म्हणाल्या,
"पितळेच्या ताटात तांब्याची वाटी, दत्तूरावांचं नाव घेते डोळ्यासाठी."
सगळ्या हसल्या. मशीन म्हणालं, धन्यवाद. मीपण हसले.

सोम. २० जाने. लातूर
हॉस्पिटलचा फोन. गंगूबाईंचं नाव बाद, आधारशी जुळत नाही. पतीच्या रकान्यात: पितळेच्या ताटात तांब्याची वाटी. रकाना छोटा, मीच ठेवलेला. दत्तूराव बाहेरच राहिले.
ऑफिसातले सर म्हणाले, "युजरची चूक." कसली चूक? नाव विचारलं, तिनं घेतलं. मग चुकलं कोण? ऑपरेशन मात्र तिचं हुकणार.

मंगळ. २१ जाने.
रजा टाकून, मशीन घेऊन गंगूबाईंच्या घरी. दत्तूराव दारातच होते. "त्यात काय, माझं नाव मी सांगतो. दाबा बटन."
इतकं सोपं! पण आतून गंगूबाई, "डोळा माझा हाय. मी नीट सांगितलं व्हतं. मशिनीला कळंना त्यात माझा काय गुन्हा?"
मग मला, "तुजं लगीन झालंय न्हवं? घे बरं नाव."
"अमोल."
"आसं? नुसतंच?"
रोज दहादा हाक मारते त्याला. आज कसंतरीच झालं.

गुरु. २३ जाने.
ऑपरेशनची यादी आज बंद. प्रश्नच काढावा? हॉस्पिटल नाही म्हणतं. नवऱ्याला बोलू द्यावं? मग बाईच्या नोंदणीत बाई कुठंय? रकाना मोठा केला तरी उखाण्यातलं नाव शोधणार कोण? साडेचारला मीच हातानं आधारवरचं 'दत्तू' लिहिलं, यादी पाठवली. लगेच फोन केला.
"मावशी, झालं काम. रकान्यात त्यांचं नाव मीच घातलं. सोमवारी या."
पलीकडून, "मला इचारलं न्हाईस?"
"तुमच्यासाठीच केलं की."
"हाव. पण मला इचारलं न्हाईस."
फोन ठेवला त्यांनी. मी भल्यासाठीच केलं ना? सर खूश आहेत, हॉस्पिटल खूश आहे. सोमवारी गंगूबाई येतील की नाही, देव जाणे. परत फोन करावा तर काय म्हणू?