बन्सीच्या छातीचा फोटो

४ नोव्हेंबर, पहाटे
कर्रर्र... कर्रर्र... आज्याच्या लाकडी चरकाचा आवाज. बैल गोल फिरायचे, काहिलीत उसाचा रस खदखदायचा आणि मी धुरात बसून शाळेतल्या कविता पाठ करायचो. आज झोपेत तोच आवाज स्पष्ट ऐकला. जागा झालो तर माझ्याच छातीतून येत होता. थंडी, दुसरं काय.
आजपासून रोज पहाटे वस्तीशेजारच्या गुऱ्हाळावर प्राणायाम. शिवाय शेजारच्या बन्सीची बिडी सोडवणे. शिवाय काव्यसंग्रह, वृत्तबद्ध.

८ नोव्हेंबर
धुराड्याच्या खालच्या अंगाला बसतो, वारा तिकडेच येतो. खोल श्वास. गुळाचा गंध, आज्याची मांडी, चौथीचा वर्ग, सगळं एका दमात आत.
माझी बायको सरू म्हणते, तिथं आता चिपाड न्हाई जाळत, भंगारातल्या चपला आन् प्लॅस्टिक जाळत्यात, काळा धूर दिसत न्हाई का तुम्हाला? तिला काव्यदृष्टी नाही. रबराचा किंचित वास येतो, कबूल. पण त्याच्या मागे बालपण आहे.
परत येताना बन्सी कुंपणावरून ओरडला, "काय आप्पा, आज कुणाच्या चपला वढल्या?" दौंडच्या रेल्वेतून रिटायर झालेला माणूस, दिवसाला दोन बंडलं बिड्या फुंकतो आणि मला विचारतो! मी पाटबंधारे खात्यात अख्खी कारकुनी केली, कधी सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही.

१५ नोव्हेंबर
बन्सी फार दिवसांचा सोबती नाही. खोकतो. (मीही खोकतो, पण माझा खोकला कोरडा आहे, सात्त्विक आहे.) ऐन वेळी धावपळ नको म्हणून त्याचं शोककाव्य करायला घेतलं. शार्दूलविक्रीडित. पहिलीच ओळ साधली:
गेला बन्सि निघून आज, विझली बीडी, उरे राख ती
'बन्सी'चा 'बन्सि' करावा लागला. वृत्तासाठी माणसानं एवढं ऱ्हस्व व्हायलाच पाहिजे.

१६ नोव्हेंबर
प्रबोधन म्हणून कडवं बन्सीला वाचून दाखवलं. हसता हसता ठसका लागला त्याला. म्हणाला, "झ्याक हाय आप्पा. पर माझ्या जागी तुमचं नाव घालून बगा की, बसतंय का."
बसत नाही म्हणालो. (बसतं. म्हाळूचा म्हाळु केला की. पण सगळंच सांगायचं नसतं.)
त्याची बायको ताईबाई मात्र रागावली. ती रोज पाठवायची तो ताकाचा तांब्या बंद.

३० नोव्हेंबर
दौंडला छातीच्या तपासणीचा फुकट कॅम्प. बन्सीला जीपमध्ये कोंबून नेला. निर्व्यसनी फुप्फुस कसं दिसतं ते त्याला शेजारी ठेवून दाखवता यावं म्हणून नमुन्यादाखल माझ्याही छातीचा फोटो काढून घेतला. तुलनेशिवाय शिक्षण नाही.

३ डिसेंबर
रिपोर्ट आणायला एकटाच गेलो. डॉक्टर अनुपमा मॅडमचा चेहरा उतरलेला. म्हणे बन्सीच्या फोटोत डाग नाही आणि माझ्यात उजवीकडे लिंबाएवढा आहे. मी समजावलं, मॅडम, नावं उलटी पडली आहेत, बिड्या तो ओढतो. त्या म्हणाल्या, आजोबा, न ओढणाऱ्यालाही कॅन्सर होतो. चुलीचा धूर, दुसऱ्याच्या बिडीचा धूर, कारखान्यातली धूळ, जळकं प्लॅस्टिक. आणि कधी कधी कारण सापडतच नाही. ओढणाऱ्यांना कितीतरी जास्त होतो, एखादा सुटतो, पण ती लॉटरी. तुम्ही कुठल्या धुरात बसता का?
बालपणाच्या, म्हणालो. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.
ताबडतोब पुण्याला जा, सीटी करा, तुकडा काढून तपासा, एक दिवस घालवू नका, असं दोनदा म्हणाल्या. तरुण आहेत. शिकतील.
बाहेर बाकावर बसून दोन्ही पाकिटांतल्या प्लेटा अदलाबदल केल्या. चूक वेळीच दुरुस्त झाली.

५ डिसेंबर
बन्सीला त्याचं पाकीट दिलं. प्लेटवर माझं नाव छापलंय ती मशीनची गफलत, हेही प्रामाणिकपणे सांगितलं. माझ्या शिक्षणावर त्याचा विश्वास. ओट्यावर मटकन बसला. बोटातली बिडी तशीच विझली, परत पेटवली नाही. पन्नास वर्षांत कुणाला जमलं नाही ते मी एका पाकिटात केलं!
ताईबाई आत जाऊन रडली. मी धीर दिला आणि कडव्याची सुबक प्रत दिली, लॅमिनेट केलेली. उशाशी ठेव म्हणालो.

७ डिसेंबर
बन्सीचा मुलगा महेंद्र त्याला पुण्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. जाताना बन्सीनं माझे पाय धरले. दुसरं कडवं सुचलं.
माझी साफ प्लेट खिडकीला टांगली. खालच्या बन्सीच्या नावावर चिकटपट्टी लावली.

१३ डिसेंबर
खोकताना रुमालाला लाल लागलं. सरूला म्हणालो, बीटाची कोशिंबीर पुरे आता. ती म्हणाली, बीट घरात आणलंच न्हाई. म्हातारपणी बायका फार विसरतात.

१९ डिसेंबर
पट्टा दोन भोकं आत. तरुणपणीची कंबर परत आली, प्राणायामाचा गुण. आवाजातही भारदस्त घोगरेपणा आला आहे, शोकसभेला शोभेल. शिरूरहून मुलगी मोनालीचा व्हिडिओ कॉल. आप्पा, किती वाळलात, म्हणून रडायला लागली. नेटवर्क खराब आहे म्हणून कट केला.
डॉक्टर मॅडमचे फोन येतात. उचलत नाही. जाहिरातीचे कंपनीवालेही असेच मागे लागतात.

२८ डिसेंबर
गुऱ्हाळापर्यंत चालवत नाही. वाटेतल्या बांधावर तीनदा बसलो, मग परतलो. पण निसर्गाला माझी दया: वारा फिरला आणि धूर आपणहून घरात आला. खाटेवर पडून प्राणायाम केला. सरू खिडक्या लावत होती, मी उघडायला लावल्या. रडत होती. धुरानं डोळे चुरचुरत असतील.
दुपारी पाहिलं तर प्लेटवरची चिकटपट्टी ती नखानं सोलत बसलेली.

२ जानेवारी, सकाळ
पुण्याहून काही खबर नाही, म्हणजे बन्सी आटोपला. शोकसभेच्या भाषणाचा सराव केला. "मित्रहो" म्हटलं की धाप लागते, म्हणून "मित्रहो"च काढून टाकलं.
दारावर थाप. निरोप घेऊन कुणीतरी आलं. चेहरा गंभीर केला. सरूनं कडी काढली.
बन्सी.
गाल भरलेले. कानावर बिडी नाही. महिन्याभरात एकपण वढली न्हाई, असं सरूला सांगत होता. म्हणजे माझा एक तरी संकल्प तडीस गेला. त्याला कसला कॅन्सर न् कसलं काय, तिकडं सगळ्या तपासण्या झाल्या म्हणे.
आतून सरूला खूण केली, घरी नाहीत म्हण. ती तोंड उघडायच्या आत मला खोकला आला, थांबेचना. बन्सी उंबऱ्यातूनच म्हणाला, "आप्पा घरी न्हाईत व्हय? खोकला तेवढा ठिवून गेलेत वाटतं."
मग आत आला. मला बघितलं आणि हसायचा थांबला. पाकीट खाटेवर ठेवलं.
म्हणाला, "आप्पा, तुमचा फोटू महिनाभर माझ्याकडंच ऱ्हायला. तिथला डॉक्टर रोज इचारायचा, ह्यो म्हाळू कोण, जित्ता हाय का."
त्यावर माझं लॅमिनेट केलेलं कडवं ठेवलं. नाव तेवढं तुमचं तुम्हीच बदला, म्हणाला.
पेन घेतलं.
बसतं.