झाडू मारणारी ती बाई

शनिवार, मार्च २००३. उद्या वर्ल्डकपची फायनल.

आज माझं काही चुकलं का? कळत नाही.

मॅचसाठी कॉलेजात टीव्ही आणलाय. मुलं सेमीफायनलची क्षणचित्रं बघायला बसली होती आणि लागल्या युद्धाच्या बातम्या. बॉम्बनं पडलेलं घर, छप्पर नाही, भिंती नाहीत, आणि एक बाई उंबऱ्यापुढे झाडू मारतेय. एवढंच दिसलं. मुलांनी लगेच चॅनल बदललं. माझ्या वर्गातली सापगावची सुनंदा मात्र उठून बाहेर गेली आणि पायरीवर रडत बसली. डबासुद्धा उघडला नाही.

मी जवळ जाऊन बसले. विचारलं, "तुझं कोणी आहे का गं तिकडे?"

"नाय मॅडम."

"मग झालं तर! परीक्षा तोंडावर आलीय, अभ्यासाला लाग."

ती म्हणाली, "पण घरच नाय रायलं, तर ती झाडते कशाला?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि स्टाफरूममध्ये निघून आले. अशा पोरीला धीर द्यायचा तरी कसा? आणि रडायला नातंच लागतं का?

घरी आल्या आल्या बातम्या लावल्या. बराच वेळ बघत बसले. ती बाई काही दिसली नाही. झाडून झालं असेल का तिचं?

ह्यांनी विचारलं, "एवढं काय बघतेस? आपलं कोणी आहे का तिकडे?"

"नाही."

"मग झालं तर," म्हणाले, आणि क्रिकेट लावलं.