तोंड मिटून ऐकण्याची नोकरी

लिलावसम्राट बंधुराज यांस,

थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. तुझा घसा कसा आहे? मागच्या रविवारी फोनवर फारच बसलेला वाटला. जुन्या कपाटांचा लिलाव होता म्हणे, आणि गिऱ्हाइकांना ऐकायला कमी येत होतं. गुळण्या कर आणि घरी तरी हळू बोल. माझ्या भावजयीला सांग, तिने विणलेला स्वेटर अंगाला अगदी बरोबर बसतो, फक्त गळ्यातून डोकं जात नाही. तुझी लेक, आपली खारूताई, माझ्याकडे खुशाल आहे. जेवते, भांडते, माझे कंगवे हरवते आणि मी विचारलं की माझ्याबरोबर शोधायलाही लागते.

आता कामाचं. महिनाअखेरीला शाळेत वाचनाचा कार्यक्रम आहे, त्यात आपली खारूताई स्टेजवर उभी राहून पानभर गोष्ट वाचणार आहे, आणि तू रजा टाकून येतो आहेस असं कळलं. येऊ नकोस. (लगेच फोन उचलू नकोस. आधी पुढचं वाच, मग चीड.) बाबा समोर बसले तर मी तोंड उघडणार नाही, असं तिने मला भाजी निवडताना सांगितलं. आणि ती ज्या शांतपणाने देठ मोडत होती, त्यावरून ती थट्टा करत नव्हती.

तुला वाटतं ती आळशी आहे. मलाही वाटायचं. पण तिच्या सरकारी शाळेत वाचनाच्या खास वर्गाच्या एक बाई आहेत. मुलं त्यांना खिडकीबाई म्हणतात, कारण त्या प्रत्येकाला पुठ्ठ्याची एक पट्टी देतात. तिला मधोमध खाच असते आणि त्या खाचेतून पुस्तकाची एकच ओळ दिसते. बाकीच्या ओळी झाकलेल्या, म्हणजे त्या मध्येच घुसून गोंधळ घालत नाहीत. त्यांनी मला समजावलं की वाचताना अशा अडखळण्याला डिस्लेक्सिया म्हणतात. डोकं उत्तम, डोळे उत्तम, फक्त अक्षर आणि त्याचा आवाज यांची गाठ पडायला वेळ लागतो. वेळ दिला, नीट शिकवलं, तर पडते. मी विचारलं, औषध काय? त्या म्हणाल्या, "रोजचा सराव, आणि घाई न करणारी माणसं."

इथेच आपलं घराणं आडवं येतं. तू लिलाव पुकारणारा, मी जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी तोडणारी, आणि आपले वडील तर समोरच्याने शिंकायला सुरुवात केली की शिंक स्वतःच पुरी करायचे. दर रविवारी तू फोनवर लेकीला वाचायला लावतोस. ती एका शब्दापाशी थांबली की तुला ती शांतता सोसत नाही. "एक वार, दोन वार" म्हणतोस आणि तिसऱ्या वाराला शब्द स्वतःच उचलतोस. मग म्हणतोस, वा, छान वाचलंस! अरे, वाचलंस तू. ती नुसती फोन धरून उभी असते.

मी तुझ्याहून शहाणी निघाले असं समजू नकोस. शाळेला मुलांचं वाचन ऐकायला स्वयंसेवक हवे होते. मी पहिल्या रांगेत हात वर केला. काम सोपं: लहान बाकावर मुलाशेजारी बसायचं आणि ऐकायचं. मूल अडलं तर थांबायचं. त्याने मदत मागितली तर शब्दाचे तुकडे पाडायला टाळी वाजवून दाखवायची. पण शब्द सांगायचा नाही. बस. एवढंच काम, आणि पहिल्या दिवशी मी वर्गातल्या सगळ्या मुलांपेक्षा जास्त वाचलं. तास संपल्यावर खिडकीबाई हसून म्हणाल्या, "तुमची प्रगती उत्तम आहे. आता मुलांचं बघू या."

मग उपाय सुरू झाले. गोळी चघळत बसले, तर अर्ध्या शब्दाला ती गिळली गेली आणि उचकी लागली. (मुलांनी माझ्या उचकीवर टाळ्या वाजवून तिचेही तुकडे पाडले.) पेन्सिल दातात धरली, तर दोन्ही टोकांनी शब्द गळत राहिले. विणकाम नेलं, तर तोंड गप्प राहिलं पण सुया बोलायला लागल्या. एक मुलगी मला म्हणाली, आजी, तुमच्या सुयांना घाई आहे का? आणि टाळ्यांची सवय तर अशी जडली की परवा बँकेत माझं नाव पुकारलं तेव्हा मी खिडकीशी उभी राहून त्याचे तुकडे वाजवून दाखवले. रखवालदार धावत आला.

माझ्या शेजारच्या बाकावर एक निवृत्त ट्रॅफिक हवालदार बसतात. ते ऐकण्यात सम्राट. आयुष्यभर चौकात उभे राहून त्यांनी माणसांचे सगळे अपमान गप्प ऐकले आहेत. (त्यांचा एकच दोष. एखादं मूल भरभर वाचू लागलं की त्यांचा पंजा आपोआप वर होतो आणि मूल जागच्या जागी थांबतं.) त्यांना माझी दया आली. म्हणाले, "ताई, तोंडात पाणी धरा. पाणी धरलं की बोलता येत नाही." इतकी साधी युक्ती! मी घरून बाटली नेली.

त्या दिवशी माझ्या वाट्याला खारूताईच आली. तोवर तिने घरात माझ्यासमोर पुस्तक उघडणं सोडलं होतं. शेवटी मी तुझीच बहीण. मी घोट घेतला, गाल फुगवले आणि बसले. नेमक्या त्याच वेळी शाळेच्या मोठ्या बाई वर्ग बघायला आल्या आणि बरोबर माझ्यासमोर उभ्या राहिल्या. गोष्ट होती जिराफाची. त्याला मफलर हवा असतो, म्हणून तो शिंप्याकडे जातो. खारूताई पट्टी सरकवत एकेक ओळ वाचत होती. अडली. मी पाणी धरून बसले. शेजारचं मूल खोकलं, बाहेर घंटा झाली, तो शब्द माझ्या दातांवर धडका देत होता, डोळ्यांतून पाणी यायला लागलं (तोंडातलं नव्हे), आणि तिने तो शब्द काढला! स्वतः! पुढची ओळ: शिंप्याने माप घ्यायला शिडी मागवली, मग शेजाऱ्याची शिडी मागवली, आणि वर पोचल्यावर खाली ओरडून विचारलं, टेप कुठे ठेवली?

भाऊ, मी हसले.

पाणी कुठे गेलं ते सांगायला नको. मोठ्या बाई नखशिखान्त भिजल्या. हवालदारांनी वाहतूक थांबवावी तसा पंजा वर केला, पण उशीर झाला होता. कुणी फडकं आणायला पळालं, कुणी बाकाखाली लोळून हसत होतं, मी मोठ्या बाईंची बाही माझ्या पदराने पुसत माफी मागत होते आणि पदरही ओलाच होता. आणि या सगळ्या गदारोळात एक आवाज चालू होता. तुझी लेक वाचत होती. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, कुणी शब्दाची वाट बघत नव्हतं, आणि ती अडखळत, थांबत, पट्टी सरकवत पान संपेपर्यंत गेली. शेवटच्या ओळी आल्या तेव्हा मोठ्या बाईंनी माझा हात धरून मला पुसायचं थांबवलं. त्या तशाच ठिबकत उभ्या राहून ऐकत होत्या. वर्गही गप्प झाला. खारूताईने मान वर करून बघितलं आणि म्हणाली, "संपलं. तुम्ही सगळे थांबलात का?"

कार्यक्रमात वाचायचं तिने तिथेच कबूल केलं. मोठ्या बाईंनी अट घातली की आत्यांना पाण्यापासून लांब बसवा. तिने अट घातली ती तुझ्याबद्दल. तेव्हा राजा, रजा वाया घालवू नकोस. मी तुला सगळं नंतर फोनवर सांगेन, आणि तू मला सांगू देणार नाहीस.

तुझी,
गप्प बसायला शिकत असलेली ताई

ता. क. स्वेटरचा गळा उसवून मोठा करता येईल का, ते भावजयीला विचार.

ता. क. दुसरा. पत्र टेबलावर ठेवून मी आंघोळीला गेले. बाहेर आले तर खारूताई पट्टी लावून हेच पत्र वाचत होती. माझं अक्षर तुला माहीत आहे. दुपार गेली, चहा गार झाला. मी समोर बसून राहिले, कोरड्या तोंडाने, आणि एक शब्द सांगितला नाही. सगळं वाचून झाल्यावर म्हणाली, "आत्या, मोठ्या बाईंचा फक्त चष्मा भिजला होता. आणि भाजी निवडताना मी मोडत होते ती देठं नव्हती, तुझ्या कंगव्याचे दात होते." तेव्हा एवढं दुरुस्त करून घे.

ता. क. तिसरा. मग बराच वेळ पट्टीशी खेळत बसली आणि म्हणाली, बाबांना येऊ दे. एकच अट आहे. त्या पानावर एक शब्द असा आहे की तिथे ती नक्की थांबणार, आणि बराच वेळ थांबणार. तोवर तू तिच्याकडे बघत बसायचं आणि गप्प राहायचं. जमेल असं वाटत असेल तरच रजा टाक. कुठला शब्द, ते तिने मला सांगून ठेवलं आहे. आणि तो तुला कळवायची मला आत्ता इतकी सुरसुरी आली आहे, की पाकीट चिकटवतेच.