तीन हललेले, एक नीट

चि. धाकट्या,
थोरल्याचे भरभरून आशीर्वाद.

माझी तब्येत ठणठणीत आहे. तुझा गुडघा काय म्हणतोय? आपला फोटो स्टुडिओ रोज उघडतोस ना?

सोबत चार फोटो पाठवतोय. इथं लेकाच्या घरी बघण्यासारखं काही नाही, असं तोच म्हणतो. पण सकाळी ओट्यावर पालथ्या घातलेल्या ओल्या ताटल्यांवर ऊन उतरतं, आणि बघता बघता माझ्या हातातला चहा गार होऊन जातो.

पहिले तीन फोटो हललेत. वाऱ्यामुळे असतील.

तू म्हणशील, दादा, स्वयंपाकघरात कसला आलाय वारा? तुझ्यापासून काय लपणार! हात कापतोय रे. दोन महिने झाले. तुझ्या वहिनीला एवढ्यात कळू देऊ नकोस, ती तिथं एकटी जिवाला घोर लावून घेईल.

चौथा मात्र नीट आलाय. सूनबाई भांडी पुसत होती. ती जवळ आली, माझ्या कोपराला खालून आधार दिला आणि हळूच म्हणाली, "बाबा, आता हलू नका."

चाळीस वर्षं मी हे गिऱ्हाइकांना सांगत आलो. मला कुणी सांगेल, असं कधी वाटलं नव्हतं.

चौथा वहिनीला दे. बाकीचे तुझ्यापाशीच असू देत.

तुझाच,
दादा